नाकारलं कोणी, क्लबने की प्रशिक्षकाने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: २००८ साली जर्मनीच्या हॅम्बुर्ग क्लबने प्रशिक्षक युर्गेन क्लॉपला फाटकी जीन्स आणि गबाळा अवतार बघून नाकारलं. घेतलं असतं तर आज तो क्लब कुठे असता? आणि फुटबॉलच्या इतिहासात खरोखर हळहळावं अशी हुकलेली नेमणूक कोणती?

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून विषय झटकून टाकता येतो. पण काही वर्षं माझं पोट याच कामावर चाललं आहे, त्यामुळे तसं करवत नाही. आधी व्हिडिओ विश्लेषक होतो, मग दोन क्लबांमध्ये प्रशिक्षक निवडणाऱ्या छोट्या गटात बसलो. खालच्या विभागांतले साधे क्लब, नावं सांगण्यात अर्थ नाही. तिथे बसून एक समज पक्की झाली. हुकलेल्या नेमणुका दोन जातींच्या असतात. एकीत क्लब प्रशिक्षकाला नाकारतो, दुसरीत प्रशिक्षक क्लबला. लोकांना पहिली जास्त आवडते, कारण तिच्यात मूर्ख कोण ते चटकन दाखवता येतं. पण पहिल्या जातीतलं जर-तर हलवून पाहिलं की बहुतेक वेळा पोकळ वाजतं. ज्या कारणाने क्लबने त्या माणसाला नाकारलेलं असतं, त्याच कारणाने तो तिथे टिकला नसता.

आधी हॅम्बुर्ग.

२००८ मध्ये हॅम्बुर्गचा प्रशिक्षक हुब स्टीव्हन्स हॉलंडच्या पीएसव्हीला निघाला होता आणि हॅम्बुर्ग नवा माणूस शोधत होतं. क्लॉप तेव्हा माइन्झमध्ये. तिथे तो खेळाडू होता, मग २००१ पासून प्रशिक्षक. २००४ मध्ये त्याने संघ बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल विभागात, नेला, २००७ मध्ये संघ पुन्हा खाली आला, आणि २००८ मध्ये परत वर जाणं थोडक्यात हुकल्यावर त्याने निरोप घेतला. हॅम्बुर्गने उमेदवारांवर नजर ठेवायला माणसं पाठवली होती. त्यांच्या अहवालात काय होतं ते क्लॉपनेच पुढे सांगितलं: जीन्सला भोकं, वाढलेले दाढीचे खुंट, खेळाडू त्याला ‘क्लोपो’ म्हणून हाक मारतात, वगैरे. तो भडकला आणि त्याने आपलं नाव काढून घेतलं. हॅम्बुर्गने मार्टिन योलला घेतलं. क्लॉप डॉर्टमुंडला गेला, २०११ मध्ये लीग, २०१२ मध्ये लीग आणि चषक दोन्ही, २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी. हॅम्बुर्ग २०१८ मध्ये इतिहासात पहिल्यांदा खालच्या विभागात घसरलं आणि वर यायला २०२५ उजाडलं.

गोष्ट सहसा इथेच संपवतात. मधली पानं कोणी उलटत नाही.

२००८-०९ चा तक्ता काढून बघा. हॅम्बुर्ग ६१ गुणांसह पाचवं, डॉर्टमुंड ५९ गुणांसह सहावं. योलने पहिल्याच वर्षी क्लॉपला मागे टाकलं होतं. शिवाय हॅम्बुर्ग जर्मन चषकाच्या आणि यूएफा कपच्या (आजची युरोपा लीग), दोन्हींच्या उपांत्य फेरीत होतं. दोन्हीकडे आडवं आलं ते वेर्डर ब्रेमेन. एकोणीस दिवसांत या दोन संघांमध्ये चार सामने झाले, आणि यूएफा कपच्या परतीच्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात टाकलेल्या कागदाच्या बोळ्यावरून चेंडू उडाला, हॅम्बुर्गच्या बचावपटूचा अंदाज चुकला, कॉर्नर मिळाला आणि त्या कॉर्नरवर ब्रेमेनचा गोल झाला. तो बोळा ब्रेमेनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. सांगायचा मुद्दा असा की मे २००९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये क्लॉपचं नाव घेऊन उसासे टाकणारा माणूस तुम्हाला सापडला नसता. निर्णय बरोबर ठरला होता.

मग घर फिरलं. त्याच उन्हाळ्यात स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे प्रशिक्षक आणि खेळाडू निवडणारा अधिकारी, डिटमार बायर्सडॉर्फर अध्यक्षांशी बिनसून बाहेर पडला. योल आयाक्सला गेला. पुढच्या हंगामात ब्रुनो लाबाडियाने संघाला युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत नेलं. अंतिम सामना हॅम्बुर्गच्याच मैदानावर होणार होता. तरी फुलहॅमविरुद्धच्या परतीच्या सामन्याला तीन दिवस उरले असताना त्याला काढून टाकलं. तिथून २०१८ पर्यंत हंगामी धरून डझनभराहून जास्त प्रशिक्षक आले आणि गेले.

आता त्या घरात क्लॉपला नेऊन बसवा. जर-तर मांडताना माझी एक सवय आहे: माणसाबरोबर सुटकेसमध्ये काय येतं आणि काय मागे राहतं, हे वेगळं करायचं. क्लॉपबरोबर झेल्को बुवाच आणि पेटर क्राविट्झ हे माइन्झमधले मदतनीस आले असते. चेंडू गेल्याक्षणी तुटून पडण्याची पद्धत आली असती. एकोणीस वर्षांचा नेव्हन सुबोटिचही कदाचित माइन्झहून आला असता. पण माट्स हुमेल्स क्लॉपच्या आधीच, जानेवारी २००८ पासून, डॉर्टमुंडमध्ये उसना खेळत होता. नुरी शाहिन आणि मारिओ ग्योट्झे हे डॉर्टमुंडच्या अकादमीचे. शिन्जी कागावाला ओसाकाहून सुमारे साडेतीन लाख युरोत आणलं ते डॉर्टमुंडचा स्पोर्टिंग डायरेक्टर मिखाएल झोर्कच्या माणसांनी. यांतलं काहीही सुटकेसमध्ये मावत नाही.

आणि सगळ्यात जड वस्तू म्हणजे धीर. डॉर्टमुंड २००५ मध्ये दिवाळखोरीच्या काठावरून परतलं होतं आणि क्लॉप येण्याआधीच्या हंगामात तेरावं आलं होतं. त्यांना सहावा क्रमांक म्हणजे सण होता. पाचवा म्हणजे त्याहून मोठा. हॅम्बुर्गला सहावा क्रमांक म्हणजे तक्रार. क्रमांक तोच, पण एका गावात पेढे आणि दुसऱ्या गावात चौकशी. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये डॉर्टमुंड तक्त्याच्या तळाला होतं, तरीही क्लॉपला कोणी हात लावला नाही. सात वर्षं त्याच्या डोक्यावर क्लबचा मुख्याधिकारी हान्स-योआखिम वाट्झके आणि झोर्क हीच जोडी होती. हॅम्बुर्गमध्ये त्याला निवडणारा माणूसच वर्षभरात निघून गेला असता. माझा हिशेब असा: दोन हंगाम, बरा खेळ, फार तर एखादा चषक, आणि २०१० च्या सुमारास निरोप. ज्या क्लबात जीन्सची भोकं अहवालात चढतात, त्या क्लबात पुढे सलग तीन पराभवही तसेच चढतात.

२००८-०९ च्या हंगामासाठी बायर्न म्युनिकनेही क्लॉपचा विचार केला आणि युर्गेन क्लिन्समनला पसंती दिली. एप्रिल २००९ मध्ये क्लिन्समनला काढलं. चूक उघड दिसते ना? पण त्या चुकीच्या पोटातूनच लुई व्हान गाल आला. त्याने थॉमस म्युलरला वर घेतलं आणि बास्टियान श्वाइनश्टायगरला कडेवरून उचलून मधोमध बसवलं. आणि डॉर्टमुंडमध्ये उभ्या राहिलेल्या क्लॉपने बायर्नला इतकं टोचलं की २०१२ मध्ये त्यांनी हावी मार्टिनेझवर चार कोटी युरो टाकले आणि पुढच्या वर्षी लीग, चषक आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. त्यातल्या एका अंतिम सामन्यात समोर क्लॉपच होता. नाकारलेला प्रशिक्षक दुसरीकडे जाऊन तुम्हाला सुधारतो, हा हिशेब जर-तरच्या गप्पांत कधी धरलाच जात नाही.

२००८ हे वर्षच या बाबतीत भारी. बार्सिलोनाला नवा प्रशिक्षक हवा होता आणि जोझे मोरिन्यो रिकामा बसला होता. चेल्सीतून सप्टेंबर २००७ मध्ये बाहेर पडलेला, आणि १९९६ ते २००० बार्सिलोनातच काम केलेला. क्लबचे पदाधिकारी चिकी बेगिरिस्तैन आणि मार्क इंग्ला लिस्बनला जाऊन त्याला भेटले. त्याची तयारी चोख होती असं सगळेच सांगतात. तरी त्यांनी निवडला पेप ग्वार्डिओला, ज्याच्या नावावर तोवर बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघाला चौथ्या विभागातून वर काढणं एवढंच जमा होतं. मोरिन्यो आला तर रोज कुणाशी ना कुणाशी भांडण होईल, ही त्यांची भीती होती. पुढे रिअल माद्रिदचा प्रशिक्षक असताना त्याने बार्सिलोनाचा सहायक प्रशिक्षक टिटो व्हिलानोव्हाच्या डोळ्यात बोट घातलं, तेव्हा ती भीती अगदीच हवेतली नव्हती हे दिसलं. पण इंटरला जाऊन त्याने २०१० मध्ये तिन्ही स्पर्धा जिंकल्या, आणि वाटेत उपांत्य फेरीत बार्सिलोनालाच हरवलं. ग्वार्डिओलाने चार वर्षांत १४ करंडक आणले. यात कोणाचं नुकसान झालं? मला तरी कोणाचं दिसत नाही.

आता माझ्या म्हणण्याला छेद देणारं उदाहरण, कारण ते लपवलं तर बेइमानी होईल. आर्सेनल आणि आर्सेन वेंगर. इथे एकाच क्लबने एकाच माणसाला एकदा नाही म्हटलं आणि वर्षभराने हो. जर-तरच्या धंद्यात प्रयोगशाळा नसते; ही त्यातल्या त्यात प्रयोगाच्या जवळ जाणारी गोष्ट आहे.

१९९५ मध्ये मॅनेजर जॉर्ज ग्रॅहॅम गेल्यावर क्लबचा उपाध्यक्ष डेव्हिड डीनने वेंगरचं नाव पुढे केलं. अध्यक्ष पीटर हिल-वूड त्याच्याबरोबर जेवलाही. पण इंग्लंडमध्ये परदेशी मॅनेजर म्हणजे जुगार, असं संचालक मंडळाला वाटलं आणि बोल्टनहून ब्रूस रिओक आला. रिओकच्या त्या एका वर्षात डेनिस बर्गकॅम्प विकत घेतला गेला, संघ पाचवा आला, आणि ऑगस्ट १९९६ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, रिओकला काढलं. मग वेंगर. पहिला सामना १२ ऑक्टोबर १९९६, ब्लॅकबर्नमध्ये, २-० असा जिंकलेला. १९९७-९८ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही.

म्हणजे १९९५ मध्ये एक वर्ष वाया गेलं? वरवर बघता हो. पण १५ डिसेंबर १९९५ ला बोसमन खटल्याचा निकाल लागला. त्याआधी युरोपीय स्पर्धांमध्ये परदेशी खेळाडूंवर मर्यादा होती; निकालाने युरोपीय संघातल्या नागरिकांसाठी ती उठली. वेंगरचं सगळ्यात मोठं भांडवल काय होतं? फ्रान्समधले खेळाडू त्याला आतून ठाऊक होते आणि बाकी इंग्लंडला नव्हते. पॅट्रिक व्हिएरा तर तो स्वतः लंडनला पोचण्याआधीच आला, त्याच्या सांगण्यावरून. मग निकोला अनेल्का, इमॅन्युएल पेटी, हॉलंडचा मार्क ओव्हरमार्स. १९९५ मध्ये आलेल्या वेंगरचा हा हात अर्धा बांधलेला असता. आणि दुसरं म्हणजे तो स्वतः. १९९४ मध्ये बायर्नने त्याला मागितलं होतं, मोनाकोने सोडलं नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हंगाम वाईट सुरू झाला म्हणून हाकललं. (ही नेमणूक क्लबनेही नाकारली नाही आणि प्रशिक्षकानेही. मालकाने अडवली. ही तिसरी जात, पण विरळ.) तिथून तो जपानला, नागोयाला गेला. मागच्या हंगामांत तळाशी घुटमळणाऱ्या त्या संघाने त्याच्या हाताखाली एम्परर्स कप जिंकला. जपानने आपल्याला शांत केलं, असं तो पुढे सांगत असे. १९९५ मध्ये त्याची नागोयातली पहिलीच काही महिन्यांची कमाई होती.

तेव्हा वेंगर माझ्या नियमाला अपवाद आहे का? अर्धा आहे. आर्सेनलने १९९५ मध्ये दिलेलं कारण, परदेशी माणूस जुगार ठरेल, हे कायमचं नव्हतं. डीन तिथेच राहिला आणि नाव लावून धरलं. मंडळाचं मन वळलं. क्लबाचा नकार स्वभावातून आलेला आहे की वेळेतून, हे ओळखता आलं तर निम्मं काम झालं. हॅम्बुर्गचा स्वभावातला होता, आर्सेनलचा वेळेतला.

इंग्लंडने ब्रायन क्लफला १९७७ मध्ये नाकारलं, ती मात्र अस्सल स्वभावातली गोष्ट. जुलैमध्ये डॉन रेव्ही अमिरातीच्या नोकरीसाठी संघ सोडून गेला. डिसेंबरमध्ये एफएने, म्हणजे इंग्लिश फुटबॉल संघटनेने, मुलाखती घेतल्या आणि हंगामी असलेल्या रॉन ग्रीनवूडलाच कायम केलं. इंग्लंडला कधीच न मिळालेला सर्वोत्तम मॅनेजर, हे बिरुद क्लफला तेव्हापासून चिकटलं. मला यात दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे क्लफचं बळ रोजच्या सहवासात होतं. सकाळी कोणाला चुचकारायचं, कोणाला चारचौघांत झापायचं, आणि त्याचा मदतनीस पीटर टेलरने हेरलेला कुणीतरी दुर्लक्षित खेळाडू आणून त्याला कसं फुलवायचं. राष्ट्रीय संघात खेळाडू वर्षातून मोजके दिवस हाती येतात आणि विकत तर कोणालाच घेता येत नाही. तयार, नामांकित आणि आपल्यावर आधीच खार खाऊन असलेल्या खेळाडूंसमोर क्लफ उभा राहिला की काय होतं, ते १९७४ मध्ये लीड्समध्ये दिसलं होतं. ४४ दिवसांत नोकरी गेली.

दुसरी अडचण किमतीची. डिसेंबर १९७७ मध्ये क्लफचं नॉटिंगहॅम फॉरेस्ट तक्त्यात अग्रस्थानी होतं. नुकताच वर आलेला संघ, ४२ लीग सामने न हरण्याच्या मालिकेच्या सुरुवातीला. क्लफ तेव्हा निघून गेला असता तर १९७८ ची लीग डळमळली असती, आणि १९७९ व १९८० चे युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) बहुधा दुसऱ्याच कोणाकडे गेले असते. त्यातल्या १९८० च्या अंतिम फेरीत समोर कोण होतं? हॅम्बुर्ग. म्हणजे एफएच्या म्हाताऱ्यांनी क्लफला होकार दिला असता तर हॅम्बुर्गच्या कपाटात कदाचित एक कप जास्त असता. जर-तर खेळायचंच तर असं दूरवर खेळावं.

अशी साखळी कशी सरकते याचा माझा लाडका नमुना लाझिओचा आहे. जुलै २०१६ मध्ये मार्सेलो बिएल्साची नेमणूक जाहीर झाली आणि दोन दिवसांत त्याने अंग काढून घेतलं. कबूल केलेले खेळाडू वेळेत आणले नाहीत, हे त्याचं कारण. आधीच्या हंगामाच्या शेवटी हंगामी म्हणून संघ सांभाळलेला सिमोने इंझागी तेव्हा सालेर्निटानाच्या वाटेवर होता. त्यालाच परत बोलावलं. त्याने लाझिओला २०१९ चा इटालियन चषक दिला, मग इंटरला २०२४ ची लीग आणि दोनदा चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी. बिएल्सा आणखी एक आठवडा गप्प बसला असता तर इंझागीची गाडी कुठल्या फलाटावर लागली असती कोण जाणे. २०२४ मध्ये बायर्न नवा प्रशिक्षक शोधत होतं तेव्हाही तसंच: शाबी अलोन्सो लेव्हरकुसेनमध्येच राहिला, नागल्समन जर्मनीकडे, रांगनिक ऑस्ट्रियाकडे, टुखेलला थांबवायचा प्रयत्नही फसला. शेवटी इंग्लंडमध्ये नुकताच खालच्या विभागात घसरलेल्या बर्नलीचा व्हिन्सन्ट कोम्पनी आला. लोक हसले. पुढच्या वर्षी त्याने लीग जिंकली.

आतली एक गोष्ट सांगतो, म्हणजे या याद्यांकडे कोणत्या नजरेने बघायचं ते कळेल. हंगामाच्या शेवटी जी नावं छापून येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांशी क्लबचं बोलणंच झालेलं नसतं. एजंट आपल्या प्रशिक्षकाचं नाव मोठ्या क्लबाशी जोडून सोडून देतो, आणि चालू क्लबात पगारवाढ पदरात पाडून घेतो. मग दहा वर्षांनी तीच बातमी ‘थोडक्यात हुकलेली नेमणूक’ म्हणून फिरते. खऱ्या बोलण्यांत नाव कशावर अडतं ते फार नीरस असतं: चालू करारातून सोडवायची भरपाई, बरोबर येणाऱ्या मदतनिसांची संख्या, खेळाडू विकत घेण्यात शेवटचा शब्द कोणाचा, मुलांची शाळा. खेळाच्या शैलीवर अडलेलं बोलणं मी क्वचितच पाहिलंय.

आमच्याही हातून एक सुटला. हुशार, तरुण, नीट तयारी करून आलेला. पाच मदतनीस हवेत म्हणाला, आमची ताकद तिघांची. आम्ही नाही म्हटलं. तीन वर्षांत त्याने दुसऱ्या एका क्लबाला वरच्या विभागात नेलं. त्यानंतर आमच्या गटातला प्रत्येक जण खासगीत सांगू लागला की माझा तर त्याच्या बाजूनेच कौल होता. मलाही मनापासून तसंच आठवत होतं. एकदा जुनी फाइल हाती आली. बैठकीच्या टिपणात नकार एकमताने होता, आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘खर्चिक, आणि थोडा आढ्यतेखोर’. तेव्हापासून ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं सांगणाऱ्या संचालकांच्या मुलाखती मी वाचत नाही. त्याच्या यशाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. ज्या क्लबाने त्याला पाचही माणसं दिली, तिथे तो चालला. आमच्याकडे तीन माणसांनिशी आला असता तर पहिल्याच थंडीत आमचं भांडण झालं असतं.

आता दुसरी जात, जिथे प्रशिक्षकच नको म्हणतो. इथे मला जर-तरमध्ये दम वाटतो, कारण क्लबाची तयारी होती, माणसाची कुवत होती, आणि खेळाबाहेरचं काहीतरी आडवं आलं.

तरी सगळीच उदाहरणं वजनदार नसतात. २००६ मध्ये इंग्लंडने लुइस फेलिपे स्कोलारीला विचारलं. घराबाहेर पत्रकारांचा वेढा पडल्यावर त्याने दोन दिवसांत नको म्हटलं. २००२, २००४ आणि २००६ अशा सलग तीन मोठ्या स्पर्धांत इंग्लंडला घरी पाठवणारा माणूस तोच. नेमणूक मिळाली स्टीव्ह मॅकलारनला, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये वेम्बलीवर क्रोएशियाकडून ३-२ हरून इंग्लंड युरो २००८ ला मुकलं. स्कोलारीने ती पात्रता मिळवली असती असं मी पैजेवर सांगेन, त्यापुढचं नाही. दोन दिवसांच्या कॅमेऱ्यांनी जो वैतागला त्याला ती नोकरी दोन वर्षं झेपली असती का, हा प्रश्न उरतोच. क्लॉपने २०१४ मध्ये मॅन्चेस्टर युनायटेडला नाही म्हटलं, तेही चघळलं जातं. पण तिथे माल विकायची घाई दिसली म्हणून तो बिचकला, म्हणजे नकार प्रशिक्षकाचा असला तरी कारण पुन्हा क्लबाचंच.

हळहळावं अशी नेमणूक विचारलीत, तर माझं उत्तर जॉक स्टीन. मॅन्चेस्टर युनायटेड, १९७१.

मॅट बस्बीने १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकून वर्षभरात पद सोडलं. विल्फ मॅकगिनेसला ते पेललं नाही, बस्बी काही महिने परत आला, आणि १९७१ मध्ये त्याने स्टीनला गाठलं. स्टीनच्या सेल्टिकने १९६७ मध्ये युरोपियन कप जिंकला होता, सगळे खेळाडू ग्लासगोच्या आसपास जन्मलेले. स्कॉटिश लीग तर ते १९६६ पासून सलग जिंकत होते. बस्बीला होकार मिळाल्यासारखं वाटलं होतं. पण स्टीनने शेवटी नको म्हटलं. घर हलवायची घरच्यांची तयारी नव्हती, असं सांगितलं जातं. लेस्टरहून फ्रँक ओ'फॅरल आला, दीड वर्षात गेला, टॉमी डॉकर्टी आला, आणि १९७४ मध्ये युनायटेड खालच्या विभागात घसरलं.

सुटकेसची कसोटी इथे लावून बघा. युनायटेडला त्या घडीला नवे डावपेच नको होते. त्यांना दोन गोष्टी करणारा माणूस हवा होता. पहिली, बस्बीच्या सावलीत उभं राहूनही न झाकोळणं. युरोपियन कप जिंकलेल्या मॅनेजरला बस्बीसमोर मान झुकवायची गरज नव्हती, आणि बोलावणारा बस्बी स्वतःच होता. दुसरी, जॉर्ज बेस्ट. त्या उन्हाळ्यात बेस्ट २५ वर्षांचा होता. बॉबी चार्ल्टन ३३, डेनिस लॉ ३१. संघ उताराला लागलेला आणि सगळी मदार एका बेफाम पोरावर. पुढच्या अडीच वर्षांत बेस्ट दांड्या मारत, निवृत्ती जाहीर करत, परत येत, शेवटी जानेवारी १९७४ मध्ये निघूनच गेला.

असा माणूस सांभाळण्याचा पुरावा स्टीनकडे होता. सेल्टिकचा जिमी जॉनस्टन हाही लहानखुरा, अफाट कडेचा खेळाडू आणि तितकाच हाताबाहेरचा. त्याला विमानाची भयंकर भीती. नोव्हेंबर १९६८ मध्ये ग्लासगोत रेड स्टार बेलग्रेडविरुद्ध मध्यंतराला १-१ होतं. स्टीनने त्याला सांगितलं, आज आपण चार गोलांनी जिंकलो तर परतीच्या सामन्याला तुला बेलग्रेडला यावं लागणार नाही. सामना ५-१ असा संपला. दोन गोल जॉनस्टनचे, बाकीच्यांतही त्याचा हात. शिस्तीच्या नावाने दंड ठोकणारे मॅनेजर तेव्हा पैशाला पासरी होते. माणसाची भीती ओळखून तिच्यातून गोल काढणारा एकच होता.

माझ्या बाजूला खोट आहे, तीही सांगतो. १९७८ मध्ये स्टीन खरोखरच इंग्लंडमध्ये आला, लीड्सला, आणि जेमतेम दीड महिन्यात स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचं बोलावणं येताच परत गेला. म्हणजे १९७१ मध्येही ग्लासगोची ओढ त्याला खेचून नेऊ शकली असती. शिवाय ४८ वर्षांचा स्टीन आणि ५५ वर्षांचा स्टीन यांत एक जीवावर बेतलेला मोटार अपघात आहे, म्हणून लीड्सवरून सरळ निष्कर्ष काढायला मी बिचकतो. माझा अंदाज: बेस्टची आणखी तीन चांगली वर्षं, एखादी लीग, आणि १९७४ ची घसरण नक्कीच नाही.

युनायटेडला पुन्हा लीग जिंकायला १९९३ साल लागलं. १० सप्टेंबर १९८५ ला कार्डिफमध्ये वेल्सविरुद्धचा सामना संपत आला असताना स्टीन मैदानाच्या कडेला कोसळला आणि तिथेच स्टेडियममध्ये गेला. त्या संध्याकाळी बाकावर त्याचा मदतनीस म्हणून बसला होता अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. चौदा महिन्यांनी युनायटेडने त्याला फोन केला.